एका आदेशाने मिटलेला संघ पुन्हा का मिटला नाही: टेनेसी विद्यापीठाचे महिला बास्केटबॉल

तुमची अडचण अशी आहे की, तुमच्या महाविद्यालयातला मुलींचा बास्केटबॉल संघ दर तीन-चार वर्षांनी मोडतो. एक चांगली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली की कोर्टवर कुणी उरत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. त्यावरून तुम्ही विचारले आहे की, अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचा महिला संघ पन्नास वर्षे सलग कसा टिकला, आणि ते त्या संघाच्या दीर्घकाळच्या प्रशिक्षक पॅट समिट यांचे एकट्यांचे कर्तृत्व म्हणायचे का. मी सव्वीस वर्षे महाविद्यालयीन मुलींना बास्केटबॉल शिकवते आहे आणि या एका संघाचा मागोवा त्यातली बरीच वर्षे घेत आले आहे. समिट यांच्याविषयी मला अपार आदर आहे, तरीही एका व्यक्तीचे नाव घेऊन हा प्रश्न सुटत नाही, हे आरंभीच सांगते.

हा इतिहास बहुतेक जण १९७४ पासून, म्हणजे समिट प्रशिक्षक झाल्या तेव्हापासून, सांगतात. तो १९०३ पासून सांगायला हवा, कारण नॉक्सव्हिल येथील या विद्यापीठात मुलींचा पहिला बास्केटबॉल संघ त्या वर्षी उभा राहिला. जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात मुलांसाठी शोधून काढला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला, म्हणजे खेळ जन्मून बारा वर्षेही झाली नव्हती तेव्हा टेनेसीच्या मुली तो खेळू लागल्या होत्या. हा संघ दोन दशकांहून अधिक काळ चालला आणि १९२६ मध्ये विद्यापीठाने तो बंद केला. त्या काळी अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात, आणि त्यात स्वतः महिला शिक्षकही होत्या, अशी ठाम समजूत होती की चुरशीच्या स्पर्धा मुलींच्या प्रकृतीला आणि स्वभावाला मानवत नाहीत. त्याऐवजी ‘खेळ दिन’ भरवले जात. दोन-तीन महाविद्यालयांच्या मुली एकत्र येत, त्यांचे मिश्र संघ पाडले जात, म्हणजे कोणतेही महाविद्यालय दुसऱ्याविरुद्ध खेळत नसे आणि कुणी हरत वा जिंकत नसे. विद्यापीठाचे नाव अंगावर घेऊन खेळण्यासाठी टेनेसीच्या मुलींना त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

तुमच्या प्रश्नाचे मूळ मला मध्ये पडलेल्या या खंडात दिसते. १९२६ मध्ये जो संघ एका निर्णयाने मिटला, तसाच निर्णय १९७४ नंतर कुणालाही घेता का आला नाही? मुली तेव्हाही जीव तोडून खेळत असणार. पण त्या संघामागे कायदा नव्हता, स्वतंत्र पैसा नव्हता, ठरलेले वेळापत्रक नव्हते, आणि तो बंद झाला म्हणून ज्याची नोकरी जाईल असा एकही पगारी माणूस नव्हता. आपल्याकडचे बहुतेक मुलींचे संघ आजही याच स्थितीत आहेत, म्हणून ही पन्नास वर्षे नीट पाहावीत असे मला वाटते.

कायद्यापासून सुरुवात करते. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाने ओळखले जाणारे कलम लागू झाले. केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून कुणाला वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते, आणि त्याच्या मूळ मजकुरात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. तरी त्याच्या आधारे मुलींच्या संघांना पैसा, प्रवास, सामान आणि पुढे शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. टेनेसीत त्या सुमारास मार्गारेट हटसन प्रशिक्षक होत्या. १९७० ते १९७४ या चार हंगामांत त्यांनी संघाची घडी पुन्हा बसवली, पण त्यांचे नाव आता फारसे कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. समिट यांच्या हाती आलेला संघ खेळायची सवय असलेला होता, त्यांना शून्यातून आरंभ करावा लागला नाही.

हटसन पुढील शिक्षणासाठी गेल्या आणि पॅट हेड, म्हणजे लग्नानंतरच्या पॅट समिट, १९७४ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या २२ वर्षांच्या होत्या आणि काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. त्या आल्या होत्या पदव्युत्तर शिक्षण घेत घेत सहायकाचे काम करायला. त्याच वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता, म्हणून एकीकडे त्या स्वतःचा पाय पुन्हा खेळण्याजोगा करत होत्या, वर्गांवर शिकवत होत्या आणि संघही सांभाळत होत्या. मानधन महिन्याला २५० डॉलर. बाहेरगावच्या सामन्यांना गाडी त्या स्वतः चालवत आणि परत आल्यावर खेळाडूंचे गणवेश स्वतः धूत. ते गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. हॉटेलचे पैसे नसले की संघ यजमानांच्या जिमखान्यात चटया टाकून झोपत असे. डिसेंबर १९७४ मध्ये मर्सर विद्यापीठाविरुद्धचा पहिलाच सामना त्यांनी ८४-८३ असा एका गुणाने गमावला.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकींना आपले दिवस आठवतील. आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघताना आरक्षण न मिळालेल्या डब्यात मुलींच्या बॅगांवर बसून रात्र काढलेली मीही आहे. फरक एवढाच की टेनेसीत ही अवस्था फार वर्षे राहू दिली गेली नाही. १९७६ मध्ये विद्यापीठाने महिला क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागापासून वेगळा केला. त्याला स्वतःचा संचालक आणि स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले. ग्लोरिया रे या पहिल्या संचालक होत्या आणि १९८३ पासून जोन क्रोनन यांनी ती जबाबदारी जवळजवळ तीन दशके सांभाळली. अशी स्वतंत्र रचना तेव्हाही थोड्याच विद्यापीठांत होती, आणि माझ्या मते या संघाच्या यशातले सर्वांत दुर्लक्षित कारण तेच आहे. पुरुषांच्या फुटबॉलचा खर्च भागल्यावर उरेल त्यात मुलींचे भागवायचे, हा क्रम तिथे मोडला गेला. पैसा कसा उभा करायचा, तिकिटे कशी विकायची, देणगीदारांकडे कसे जायचे, हे त्या विभागातील बायकांनी स्वतः शिकून घेतले.

त्याच १९७६ साली समिट अमेरिकेच्या संघाकडून माँट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळल्या. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमधला तो पहिलाच समावेश होता आणि अमेरिकेला रौप्यपदक मिळाले. टेनेसीची प्रशिक्षक उन्हाळ्यात सोव्हिएत संघाविरुद्ध खेळून येते आणि हिवाळ्यात आपल्याला धावायला लावते, याचा मुलींवर काय परिणाम झाला असेल याची कल्पना मी करू शकते. आठ वर्षांनी, लॉस एंजेलिसला, त्याच समिट अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघाच्या प्रशिक्षक होत्या.

खेळाडू कुठून येणार, या प्रश्नावर मात्र खरी अडचण घरातच होती. टेनेसी राज्याच्या शाळांत मुली सहा जणींचा खेळ खेळत. प्रत्येक बाजूच्या तिघी कोर्टच्या एका अर्ध्यात फक्त बचाव करणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त आक्रमण करणार, आणि मधली रेषा कुणीही ओलांडायची नाही. अशा रीतीने वाढलेली बचावपटू शाळा संपेपर्यंत सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकत नसे, मग तिला महाविद्यालयात शिष्यवृत्ती कोण देणार? ओक रिज येथील व्हिक्टोरिया केप या शाळकरी बचावपटूने याच मुद्द्यावर न्यायालयात धाव घेतली. १९७६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला, पण वाद पेटलेला राहिला आणि १९७९-८० च्या हंगामापासून राज्यातील शाळांनी पाच जणींचा पूर्ण कोर्टचा खेळ स्वीकारला. समिट या बदलाच्या उघड आणि आग्रही पुरस्कर्त्या होत्या. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने शाळांच्या नियमात लक्ष घालणे अनेकांना खटकले असेल, पण पायथ्याशी पाणी अडवल्याशिवाय विहीर भरत नाही हे त्यांना कळत होते. तुमचा संघ दर चार वर्षांनी मोडतो त्याचे निदान मी इथेच करीन: तुमच्या गावातल्या आठवी-नववीच्या मुलींच्या हातात आज चेंडू आहे का, हे आधी पाहा.

आता विजेतेपदांविषयी. लोकांना आठ विजेतेपदे माहीत असतात, त्याआधीची सात अपयशे माहीत नसतात. १९७७, १९७९, १९८०, १९८१, १९८२, १९८४ आणि १९८६ अशा सात वेळा टेनेसीचा संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोहोचला आणि रिकाम्या हाताने परतला. १९८१ पर्यंत या स्पर्धा महिलांची स्वतंत्र संघटना, एआयएडब्ल्यू, भरवत असे. १९८२ पासून एनसीएएने, म्हणजे पुरुषांचे खेळ चालवणाऱ्या बलाढ्य संघटनेने, महिलांची स्पर्धा सुरू केली आणि वर्षभरातच जुनी संघटना संपली. १९८४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने टायटल नाइनची धार चार वर्षांसाठी बोथट झाली. ती १९८८ च्या नव्या कायद्याने परत आली. या चार वर्षांत अनेक ठिकाणी मुलींच्या खेळाकडे काणाडोळा करणे सोपे झाले असते, आणि नेमक्या याच काळात, १९८७ मध्ये, टेनेसीने ऑस्टिनला लुइझियाना टेकचा ६७-४४ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. समिट यांचा तो तेरावा हंगाम होता. बारा वर्षे विजेतेपदाविना एका प्रशिक्षकावर विश्वास ठेवणारे व्यवस्थापन आपल्याकडे मी पाहिलेले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्या थॉम्प्सन-बोलिंग अरीनात टेक्सासविरुद्धचा सामना पाहायला २४,५६३ लोक आले. टेनेसी तो सामना हरली, पण अकरा-बारा वर्षांपूर्वी चटयांवर झोपणाऱ्या संघासाठी आता सारे शहर लोटत होते.

पुढची विजेतेपदे १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८ ची. ती एकेक करून सांगण्यात अर्थ नाही, पण १९९७ आणि १९९८ ही जोडी शेजारी ठेवून पाहावी. १९९७ च्या संघाने हंगामात दहा सामने गमावले होते. पॉइंट गार्ड, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारी खेळाडू, केली जॉली हिचा गुडघा हंगामाआधीच दुखावला होता आणि इतके सामने हरलेला संघ विजेता होईल असे कुणालाही वाटत नव्हते. त्या संघाने विभागीय अंतिम सामन्यात तोवर अपराजित असलेल्या कनेटिकट विद्यापीठाला ९१-८१ असे हरवले आणि मग विजेतेपदही घेतले. पुढच्या वर्षी संघाची आघाडीची खेळाडू शमीक होल्डस्क्लॉ हिच्या जोडीला टमिका कॅचिंग्ज आणि सेमीका रँडल या पहिल्या वर्षाच्या मुली आल्या आणि संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला. फक्त एकदा, नॅशव्हिलला नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध, शेवटची काही मिनिटे उरली असताना तो बारा गुणांनी मागे होता. तिथून ७६-७० असा विजय आला. आक्रमणातली चमक त्या दिवशी रुसली होती. अखंड दबावाचा बचाव, रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून परत येणाऱ्या चेंडूसाठी, झुंबड आणि फाउल काढून फ्री थ्रोच्या रेषेवर जाणे, या तीन गोष्टींवर त्यांनी ती पिछाडी भरून काढली. मी माझ्या मुलींना खेळाची समज येण्यासाठी या शेवटच्या मिनिटांचे वर्णन करून सांगते.

रिबाउंडविषयी थोडे विषयाला धरूनच सांगते. समिट सरावात विद्यापीठातल्या मुलग्यांचा संघ आपल्या मुलींविरुद्ध उतरवत. मुलगे उंच आणि वेगवान, त्यामुळे नुसती उडी मारून चेंडू मिळत नाही. आधी पाठ लावून प्रतिस्पर्ध्याला अडवावे लागते, ज्याला आपण बॉक्स आउट म्हणतो. हे वाचून मी आमच्या सिमेंटच्या कोर्टवर आठवड्यातले दोन दिवस मुलगे आणायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस एकाही मुलीच्या हाती रिबाउंड लागला नाही आणि दोघी रडल्या. महिन्याभराने आमची सर्वांत बुटकी गार्ड, पाच फूट एक इंच, गुडघे वाकवून, कोपरे बाहेर काढून, सहा फुटी मुलाच्या मांडीला अशी चिकटून बसली की त्याला उडीच मारता येईना आणि चेंडू टप्पा घेऊन अलगद तिच्या हातात आला. त्या हंगामात विभागीय स्पर्धेत आम्ही फार पुढे गेलो नाही, पण उंचीचे कारण सांगणे त्या मुलींनी कायमचे बंद केले.

अभ्यासाचा नियम तर याहून महत्त्वाचा आहे. समिट यांच्या खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन बाकांवर बसायचे आणि तास बुडवायचा नाही, असा दंडक होता. तास बुडवणारी सामन्याला मुकत असे. त्यांच्या कारकिर्दीत ज्या खेळाडूंनी टेनेसीत आपली खेळण्याची मुदत पूर्ण केली, त्या प्रत्येकीने पदवी घेतली. टिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर या एका गोष्टीने प्राध्यापकांचा विरोध आणि पालकांची भीती दोन्ही मिटवली, कारण आपली मुलगी तिथे गेली तर पदवी घेऊनच येणार, हे देशभरातल्या आईवडिलांना माहीत होते. मुलगी बारावीनंतर खेळ सोडते ती बहुतेक वेळा घरच्यांच्या याच चिंतेपायी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

समिट यांची शिस्त जशीच्या तशी उचलावी असे मात्र मी म्हणणार नाही. आरंभीच्या काळात रात्री जागून मजा केलेल्या मुलींना त्यांनी कोर्टच्या कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून उलट्या होईपर्यंत पळवल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. आज आपल्याला मुलींच्या आहाराची, रक्तातल्या लोहाची आणि सांध्यांची जी माहिती आहे ती पाहता हे करू नये. स्वतः समिटही पुढे बदलत गेल्या आणि खेळाडूंचे ऐकून घेऊ लागल्या.

प्रतिस्पर्धी कसा असावा, हेही या इतिहासात दिसते. १६ जानेवारी १९९५ रोजी टेनेसी आणि कनेटिकट पहिल्यांदा भिडले. कनेटिकटने तो सामना ७७-६६ असा जिंकला आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यातही टेनेसीला हरवले. त्यानंतरच्या बारा वर्षांत या दोन संघांनी महिलांचे बास्केटबॉल घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर नेले. २००७ मध्ये टेनेसीने ही मालिका थांबवली आणि ती २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. थांबवण्यामागे समिट यांची जी काही कारणे असतील त्यांचा आदर ठेवूनही, खेळाचे त्यात नुकसान झाले असे माझे मत आहे.

२००७ आणि २००८ ची विजेतेपदे कँडेस पार्करच्या संघाची. २००८ मध्ये तिचा खांदा विभागीय अंतिम सामन्यात निखळला होता आणि तरी ती पुढचे सामने खेळली. पण लगेच पुढच्या वर्षी टेनेसी इतिहासात प्रथमच एनसीएए स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, बॉल स्टेटकडून, हरली. ऑगस्ट २०११ मध्ये समिट यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचे जाहीर केले तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. आणखी एक हंगाम प्रशिक्षकाच्या बाकावर बसून त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये पद सोडले. ३८ हंगाम, १,०९८ विजय, २०८ पराभव, आणि पराभवांची संख्या विजयांहून जास्त असा एकही हंगाम नाही. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्या गेल्या. स्मृती जात असताना खेळाडूंची नावे आठवण्यासाठी ती बाई किती झगडली असेल, या विचाराने मला आजही गलबलून येते.

तुमच्या प्रश्नाची खरी कसोटी त्यानंतरच्या वर्षांत लागते. संघ एकट्या समिट यांचा असता तर तो २०१२ नंतर विझला असता. हॉली वॉरलिक, ज्या स्वतः १९७६ ते १९८० या काळात समिट यांच्या हाताखाली खेळल्या होत्या, प्रशिक्षक झाल्या आणि तीन वेळा संघाला शेवटच्या आठांत घेऊन गेल्या. २०१९ मध्ये त्यांच्या जागी केली हार्पर आल्या. गुडघा दुखावूनही १९९७ चे विजेतेपद जिंकणारी केली जॉली ती हीच. २०२४ मध्ये मात्र समिट यांच्यानंतर विद्यापीठाने प्रथमच घराबाहेर पाहिले आणि मार्शल विद्यापीठातून किम कॉल्डवेल यांना आणले. पाच जणींची अख्खी तुकडी एकदम बदलत पूर्ण कोर्टवर दबाव टाकणे ही त्यांची पद्धत. पहिल्याच हंगामात, जानेवारी २०२५ मध्ये, त्या आई झाल्या, काही दिवसांतच बाकावर परतल्या, आणि फेब्रुवारीत त्यांच्या संघाने कनेटिकटला ८०-७६ असे हरवले. २००७ नंतर टेनेसीचा कनेटिकटवरचा तो पहिला विजय होता. २००८ नंतर टेनेसी शेवटच्या चारांत पोहोचलेली नव्हती, ही बाजूही लपवण्यासारखी नाही. घरच्याच माणसांकडे दोनदा सूत्रे देण्याने वारसा जपला गेला, पण खेळाची पद्धत बदलायला उशीर झाला, असे माझे निरीक्षण आहे.

तेव्हा तुमच्या महाविद्यालयासाठी माझे उत्तर असे. प्राचार्यांकडे जाल तेव्हा चषकाचे आश्वासन देऊ नका. मुलींच्या संघासाठी वर्षाची ठरलेली रक्कम स्वतंत्र खात्यावर मागा, तुमच्या नावाने लेखी जबाबदारी मागा, आणि ठरलेल्या तारखांचे किमान आठ सामने मागा, मग समोरचा संघ कोणताही असो. गावातल्या दोन शाळांत आठवड्यातून दोनदा स्वतः जा. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकडीतली एक मुलगी पुढच्या वर्षी तुमची सहायक म्हणून थांबेल अशी सोय करा, मानधन थोडे असले तरी द्या. पहिल्या सरावापासून एक वही ठेवा. तिच्यात प्रत्येक मुलीची हजेरी, तिचे रिबाउंड आणि तिचे परीक्षेचे गुण एकाच पानावर लिहा, आणि ती वही तुमच्यानंतर येणाऱ्या प्रशिक्षकाच्या हातात द्या.